डावी बाजू तुमची

चादरवाल्यांच्या घराची जिन्यालगतची भिंत इतकी पातळ होती की कान लावायची गरजच पडत नसे. भांडण आपल्या पायानं चालत शेजारी यायचं. हे भांडण झालं त्याला वीसेक वर्षं झाली असतील. चादरवाले तेव्हा ऐन पस्तिशीत होते. लाँड्रीची गाडी चालवायची, इस्पितळात नि वसतिगृहात धुतलेल्या चादरी पोचवायच्या, मळक्या उचलून आणायच्या, हा त्यांचा धंदा. म्हणून सगळी गल्ली त्यांना चादरवालेच म्हणायची. बायको घरी शिवणकाम करायची, म्हणून ती शिवणबाई. तिनं त्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हटलं होतं, मलाही गाडी शिकवा.

“गाडी म्हणजे काय तुझं मशीन आहे, पाय मारला की चालली?”

“मशीनच्या सुईखाली रोज बोटं असतात माझी. दहाच्या दहा अजून जागेवर आहेत. तुमच्या गाडीला आरसे तीन नि ओरखडे तेरा.”

“मग जा, शीक कुणाकडूनही. मी नाही शिकवणार.”

“तुमच्याकडून शिकायचंय कुणाला?”

आणि ती खरंच शिकली. दोन गल्ल्या पलीकडे एक बाई गाडी शिकवायची, तिच्याकडे महिनाभर गेली, पहिल्या फटक्यात परवाना काढला, नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि त्याचं जेवण होताच उचलून कपाटात ठेवून दिला. पुढं गाडीला म्हणून हात लावला नाही. भांडण जिंकायचं होतं, ते जिंकलं होतं. मुदत संपली की परवाना मात्र न चुकता नवा करून आणायची. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, अशी दोघंही एका सुताची.

चादरवाल्यांचे दिवस बरे चालले होते. मग गेल्या वर्षी एका सकाळी ते दाढी करून बाहेर आले, तर अर्धाच चेहरा गुळगुळीत. डाव्या गालावर साबण तसाच.

“हे काय, अर्धी मजुरी दिली का कुणी?” बायको हसली. मग त्यांनी न्याहारीला बशीतलं उजवीकडचं तेवढं खाल्लं आणि म्हणाले, “आज फार थोडं वाढलंस.” तेव्हा तिचं हसू थांबलं. मशीनवरचं कापड तसंच सोडून ती त्यांना घेऊन इस्पितळात गेली.

मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. वेळेवर आणलंत म्हणून निभावलं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हात चालत होते, पाय चालत होते, जीभ तर आधीपेक्षा जोरात चालत होती. फक्त डावीकडचं दिसत नव्हतं. डोळे धडधाकट, पण डाव्या बाजूचा निरोप मेंदूपर्यंत पोचतच नव्हता.

“काका, गाडी चालवायची नाही. परवाना जमा करा. वर्षानं तपासू.”

“वर्षानं काय, डावीकडे नवा डोळा फुटणार आहे?”

“मान वळवायची सवय लावा. सारखं डावीकडे बघा. मेंदूला शिकवलं की शिकतो तो.”

परवाना त्यांनी स्वतःच्या हातानं परवाना कचेरीच्या खिडकीत दिला. पंचवीस वर्षं वरच्या खिशात होता. पुढं कितीतरी दिवस हात आपोआप खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा, चष्मा हरवलेल्या माणसासारखा.

इकडे लाँड्रीत घोडं अडलं. यंत्रं धडधडत होती, वाफेनं भिंती घामेजल्या होत्या, घड्या घातलेल्या चादरींचे गठ्ठे दारापाशी छातीएवढे झाले होते आणि गाडी जागची हलत नव्हती. कोणता गठ्ठा कुणाचा, ते कोपऱ्यातल्या दोऱ्यावरून ओळखायचं: लाल इस्पितळाचा, निळा वसतिगृहाचा, हिरवा म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमाचा. हे दोरे नि हे रस्ते चादरवाल्यांइतके कुणालाच पाठ नव्हते. लाँड्रीच्या मालकीणबाई घरी आल्या नि गुळमुळीत बोलू लागल्या, दुसरा माणूस बघावा लागेल वगैरे.

“कशाला?” शिवणबाई म्हणाली. “माझ्याकडे परवाना आहे. हे शेजारी बसून रस्ता दाखवतील.”

चादरवाल्यांचं वीस वर्षांपूर्वीचं उत्तर आता कामाचं नव्हतं.

पहिल्या दिवशी गाडी लाँड्रीच्या दारातच तीनदा बंद पडली. चौथ्यांदा सुटली ती अशी की मागचे गठ्ठे पुढं आले. चादरवाले ओरडत होते, “क्लच, अगं क्लच, तो दाबायचा असतो, पुसायचा नसतो.” पहिल्या वळणापुढं तिनं गाडी कडेला घेतली आणि किल्ली काढून मांडीवर ठेवली.

“ओरडायचं नाही. गाडी मी चालवीन. तुम्ही काय दिसतं तेवढंच सांगायचं. आणि डावी बाजू तुमची. माझं लक्ष उजवीकडे असतं, डावीकडचं सगळं तुम्ही बोलून दाखवायचं.”

“म्हणजे तुला डावीकडचं जमत नाही.”

“नाही जमत,” ती म्हणाली.

तिला सगळं जमत होतं. पण डॉक्टरीणबाईंचं मान वळवणं घरी बसून होणार नाही, हे ती ओळखून होती. औषध म्हणून दिलं असतं तर नवऱ्यानं दोन दिवसांत सोडलं असतं. तिची चूक म्हणून दिलं, तर तो मरेपर्यंत सोडणार नाही. माणूस ओळखून माप घ्यावं लागतं. शिवणाऱ्या बाईला हे काय सांगायचं.

सुरुवातीला चुकायचंच. “डावीकडे काही नाही,” असं ते म्हणायचे आणि तिथं लाल डबा घेतलेली बाई उभी असायची. “एक बाई राहिली,” शिवणबाई शांतपणे म्हणायची. मग पुढच्या वळणाला त्यांची मान गर्रकन वळायची. हळूहळू बाया राहायच्या बंद झाल्या. “डावीकडे सायकल. डावीकडे दार उघडतंय. डावीकडे कुत्रं, विचारात पडलेलं. डावीकडे दोन पोरी, एकीचं लक्ष फोनमध्ये.” सकाळी सहापासून हा पाढा चालू व्हायचा, तो दुपारी गठ्ठे संपेपर्यंत.

वर्ष असं गेलं. पण शिवणबाईचा उजवा खांदा धरला, आणि शिवायची कापडं घरात कपाटाच्या वर पोचली. ती म्हणाली, या महिन्याअखेर मी मशीनवर परत बसणार. मालकीणबाईंनी तेवढ्यात एक तरणा ड्रायव्हर बघूनही ठेवला. “तुमचा परवाना एक तारखेच्या आत आला तर गाडी तुमची,” त्या म्हणाल्या, “नाहीतर चादरी मोजायला बसा.” चादरवाल्यांनी बसून मोजायच्या खोलीकडे एकदा पाहिलं. तिला खिडकी नव्हती.

आधी डोळ्यांची तपासणी झाली. एका पांढऱ्या वाडग्यात हनुवटी टेकवायची आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं. डॉक्टरीणबाई कागद बघून म्हणाल्या, “काठावर आहात काका. मी हो म्हणते. पण रस्त्यावर साहेबांना दाखवावं लागेल.”

परीक्षेचे साहेब किडकिडीत होते, हातात पाटीला लावलेले कागद. गाडी परीक्षेचीच, साहेबांच्या बाजूलाही ब्रेक असलेली. चादरवाल्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांनी दार उघडलं, आत बसले, पट्टा लावला, पिशवी मांडीवर घेतली आणि समोर बघत राहिले.

बराच वेळ काही झालं नाही. साहेब बाहेरच उभे होते.

“चालवणार कोण?” साहेबांनी खिडकीतून विचारलं.

“येईल आता ती,” चादरवाले म्हणाले.

मग त्यांना मांडीवरची पिशवी दिसली. समोर चाक नव्हतं. वर्षभराच्या सवयीनं ते शेजारच्या सीटवर येऊन बसले होते. कानाच्या पाळ्या तापल्या. ते उतरून पलीकडून आत बसेपर्यंत साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं, आणि ते काही ‘छान’ असं नसणार.

आता तरी शहाण्यासारखं वागायचं म्हणून त्यांनी तोंडाला कुलूप लावलं. परीक्षेत बडबड करणारा माणूस कुणाला आवडतो? गाडी छान सुटली, गिअर लोण्यासारखे पडले. पहिल्या चौकात डावीकडून एक बाई बाबागाडी ढकलत आली आणि साहेबांचा पाय ब्रेकवर आदळला.

गाडी थांबली. बाबागाडीवाली बाई रागानं बघून निघून गेली.

“दिसली नाही?”

खोटं बोलायची सोय होती. सूर्य डोळ्यावर आला म्हणता आलं असतं. पण त्या बाईचं तोंड अजून डोळ्यांसमोर होतं.

“नाही दिसली. बोललो असतो तर दिसली असती.”

“म्हणजे?”

“साहेब, वर्षभर मी तोंडानं बघतोय. बायको चालवायची, मी डावीकडचं सांगायचो. सांगायचं असलं की मान वळते. आज गप्प बसलो, मान पण गप्प बसली.”

साहेबांनी पेन कानावर ठेवलं. “मग बोला ना. बोलायला मनाई कुठं लिहिलीय? याच चौकातून परत चला.”

चादरवाल्यांनी गाडी वळवली नि पाढा सुरू केला. डावीकडे टपालपेटी. डावीकडे शिडीवर रंगारी. डावीकडे भाजीची हातगाडी, मालक बेपत्ता. तोच चौक तीनदा, मग शाळेचा रस्ता, मग पूल, मग दवाखान्यामागची अरुंद गल्ली. पाऊण तास झाला. साहेबांचा पाय पुन्हा ब्रेकवर गेला नाही. शेवटी ते म्हणाले, “भिंतीवरचं मांजर मला नव्हतं दिसलं.”

“झोपलेलं होतं. पण उठलं असतं तर?”

“निकाल टपालानं येईल. पहिल्या चौकाचं मला लिहावं लागेल, आणि नंतरचंही लिहीन.”

घरी बायकोनं विचारलं, “कसं झालं?”

“आधी तुझ्या भरवशावर बसलो, मग एक बाई राहिली, मग बरं झालं.”

नऊ दिवस चादरवाले टपालवाल्याआधी खाली जाऊन उभे राहायचे. टपालवाला म्हणाला, पत्र मी जिना चढून आणतो काका, ते पळून जात नाही. दहाव्या दिवशी पाकीट आलं. परवाना एका वर्षापुरता, पुढं पुन्हा तपासणी, गाडीला डावीकडे एक जास्तीचा आरसा. महिना संपायला दोन दिवस होते. मालकीणबाईंनी आरसा त्याच संध्याकाळी लावून घेतला.

एक तारखेला शिवणबाई मशीनवर बसली आणि चादरवाले एकटेच गाडी घेऊन निघाले. सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक त्यांच्याकडे बघायचे. माणूस एकटा आणि अखंड बोलतोय. बघेनात का.

दुपारी शेवटचा थांबा आश्रमाचा. मागच्या दाराशी गाडी लावून त्यांनी हिरव्या दोऱ्याचे दोन गठ्ठे उतरवले. तिथल्या बाईंनी मोजून घेतले.

“उशीचा अभ्रा एक कमी आहे.”

“उद्या आणतो.”

“आज वहिनी नाहीत?”

“कामावर आहेत,” ते म्हणाले. मळक्या चादरींचं गाठोडं त्यांनी खांद्यावर टाकलं, गाडीत ढकललं, वहीत सही केली आणि मागचं दार दोनदा ओढून नीट लागल्याची खात्री करून घेतली.