पलीकडच्या बाकावर

पगारे सिस्टर दर गुरुवारी अकरा वाजता चार-पाच पोरांना घेऊन दवाखान्याचं आवार ओलांडायच्या, समोरच्या इमारतीत जायच्या आणि तिथल्या बाकावर नुसत्या बसून परत यायच्या. काम काहीच नसायचं. डॉक्टरला दाखवायचं नाही, गोळ्या घ्यायच्या नाहीत. अर्धा तास बसायचं, चहा प्यायचा, यायचं. तेवढा वेळ इकडे मुलांच्या मानसोपचार विभागात सिस्टरांची खुर्ची रिकामी आणि सगळे पालक माझ्या डोक्यावर. मी तिथली कारकून. गुरुवारच्या धास्तीने माझं कपाळ बुधवारीच दुखायला लागायचं.

"सिस्टर, हे चाललंय काय?" मी एकदा विचारलंच.

"बसायची प्रॅक्टिस."

"बसायला प्रॅक्टिस कशाला लागते?"

"तुम्हाला नाय लागत, देवरे बाई. तुम्ही वीस वर्षं बसूनच हाय."

बाई मनमाडच्या. ठेंगणी मूर्ती, चाल मात्र मालगाडीसारखी, कोणासाठी न थांबणारी. वॉर्डात चढलेला आवाज नाशिक रोडला घरी जाईपर्यंत उतरत नसे.

आमचा विभाग अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचा. पुढे मोठ्यांचा विभाग, तो समोरच्या इमारतीत. घरची मुलं आईबापाचा हात धरून तिकडे जायची, त्यांचं काही अडत नसे. अडायचं बालगृहातल्या मुलांचं. त्यांना अठरा पूर्ण झाली की बालगृहही सोडावं लागे. म्हणजे पलंग, ताट, मैत्रिणी, डॉक्टर, सिस्टर, सगळं एकाच दिवशी सुटायचं. त्यात स्टेशनवर, बाजारात सापडलेल्या मुलांचा जन्मदिवस कोणालाच ठाऊक नसतो, म्हणून कागदावर एक जून लिहून टाकतात. त्यामुळे दर एक जूनला आमची पाच-सहा पोरं एकदम मोठी व्हायची.

"अठरा म्हणजे काय एस.टी.चा थांबा हाय का?" सिस्टर म्हणायच्या. "उतरा म्हटलं की उतरायचं?" हे वाक्य त्यांनी डॉक्टरांना ऐकवलं, मोठ्या साहेबांना ऐकवलं, मला तर इतक्यांदा ऐकवलं की मी टाइप करताना ते मनात चालू असायचं. म्हणून त्यांनी हा बाक काढला. सतरावं लागलं की पोरांना तिथे बसवायचं आणि स्वतः केसपेपरच्या खिडकीतली बाई व्हायचं. नाव काय, वय काय, होतंय काय, गोळी कोणती. पोरगं अडखळलं की, "परत." माझ्या मते हा सरकारी वेळेत चाललेला पोरखेळ होता.

आता जरा माझ्याविषयी. त्या काळात मी फार व्यवस्थित बाई होते. केस महिन्याला काळे करायची, रुमालाला इस्त्री, आणि माझा एक शिक्का होता, मी स्वतः मागणीपत्र पाठवून बनवून घेतलेला: 'वयोमर्यादा पूर्ण. नस्ती बंद.' नस्ती म्हणजे फाईल, पण फाईल म्हटलं असतं तर माझा रुबाब तो काय राहिला असता. एकतीस मेला दुपारी तो शिक्का मारून घरी जाताना मला देवदर्शन घेतल्यासारखं वाटायचं. ती बाई आज भेटली तर तिच्याच कपाळावर तो शिक्का मारीन.

त्या वर्षी सायराची पाळी होती. चार वर्षांची असताना मनमाड स्टेशनवर सापडलेली मुलगी, म्हणून सिस्टर तिला 'माझ्या गावची' म्हणायच्या. औषध नसेल तर तिला आठ-आठ दिवस झोप यायची नाही, दाराबाहेर कोणीतरी उभं आहे असं वाटत राहायचं. औषधावर मात्र ती दहावी झाली. अंबडला पॅकिंगचं काम ठरलं, सातपूरला दोन मुलींबरोबर खोली ठरली. नेमक्या तेव्हाच सिस्टर भाचीच्या लग्नाला मनमाडला निघाल्या.

"देवरे बाई, सायराची फाईल मी येईस्तोवर उघडी ठेवा. मी तिला हाताला धरून पलीकडं नेते."

"नियमात बसलं तर," मी म्हणाले. आणि एकतीस मेला शिक्का मारला.

लग्नानंतर सिस्टरांना ताप आला, रजा वाढली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सायरा आली, हातात गोळ्यांची रिकामी पट्टी. मी तिला शिक्का दाखवला. "तू आता मोठी झालीस. अभिनंदन. पलीकडे जायचं." अभिनंदन म्हणाले मी. थोड्या वेळाने ती पुन्हा दारात दिसली. मी पोळीभाजी खात होते, हातानेच 'थांब' म्हटलं. डबा धुऊन आले तर दारात कोणी नव्हतं.

सिस्टर आल्या आणि त्यांनी सायराची फाईल उघडली.

"शिक्का छान उठलाय," त्या म्हणाल्या. "शाई नवीन का?"

मी शाईची डबी खणात सरकवली.

"चला."

"कुठे?"

"सातपूरला. उठता येतंय ना?"

सायरा खोलीच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली होती. तिच्याबरोबरची मुलगी म्हणाली, "चार दिवस कामावर नाही गेली, ताई. सारखी कडी तपासते. कंपनीने सोमवारपर्यंत मुदत दिलीये." सोमवार परवावर आला होता. सिस्टर तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या.

"झोप?"

"नाही."

"जेवण?"

"नाही."

"खिडकीवर गेली होतीस ना?"

"चारही उत्तरं बरोबर दिली," सायरा म्हणाली. "मग ती बाई म्हणाली, सोबत कोण आहे? हे तुम्ही शिकवलंच नव्हतं. मी म्हटलं, कोणी नाही. म्हणाली, घरचं माणूस घेऊन ये."

माझी स्वतःची लेक तेव्हा चोवीस वर्षांची होती आणि बँकेत जाताना मला सोबत न्यायची. शिक्का मारताना हे मला आठवलं नव्हतं.

आम्ही तिघी तशाच रिक्षाने दवाखान्यात आलो. पण खिडकीतल्या बाईने सिस्टरांना पाहून मान हलवली. "सिस्टर, तुम्ही स्टाफच्या. आणि मावशी म्हणून तरी किती जणांच्या अर्जांवर सह्या करणार? साहेबांनी मनाई केलीये. घरचं माणूस आणा." सिस्टरांना शब्द सापडत नाहीत, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. मला ते मुळीच सोसेना.

तेवढ्यात सायराने माझ्याकडे बोट दाखवलं. "या आहेत. माझ्या आजी."

माझं वय त्रेपन्न. रविवारीच केस काळे केलेले. मी वीस वर्षं त्याच आवारात नोकरीला असूनही त्या खिडकीतल्या बाईने मला कधी पाहिलं नव्हतं, कारण मी कधी पलीकडे गेलेच नव्हते. तिने अर्ज पुढे केला. कुठल्या रकान्यात कधी खोटं न लिहिलेल्या मी सुवाच्य अक्षरात लिहिलं: नाते, आजी. तिने माझं नाव वाचलं, सायराचं वाचलं, मागची लांबलचक रांग पाहिली आणि केसपेपर दिला.

"केस तेवढे जमत नायत, बाई," सिस्टर माझ्या कानात म्हणाल्या.

सोमवारी सायरा कामावर गेली. झोप यायला आणखी काही दिवस लागले. सिस्टरांनी माझा शिक्का उचलून आपल्या खणात कुलूप घालून ठेवला. पलीकडे मुलाला डॉक्टरांनी पाहिलं अशी चिठ्ठी आल्याशिवाय तो मला मिळत नसे. गुरुवारी मला बाकावर न्यायला लागल्या आणि प्रॅक्टिसमध्ये 'सोबत कोण?' हा पाचवा प्रश्न आला. त्याचं ठरलेलं उत्तर होतं, "देवरे आजी. बोलावू?" माझ्या लेकीला मूल व्हायच्या आधीच मी दोन इमारतींत आजी म्हणून प्रसिद्ध झाले.

निवृत्तीनंतर सिस्टर मनमाडला गेल्या, मी गंगापूर रोडला घरी बसले. पण दर एक जूनला त्यांचा फोन यायचाच. "देवरे बाई, किती गेले पलीकडं?"

"अहो, मी रिटायर झाले. मला काय माहीत?"

"मग बघून या की. बसूनच हाय ना?"

दरवर्षी मी चिडायची आणि दरवर्षी जाऊन यायची.

या मार्चमध्ये सिस्टर गेल्या. एक जूनला मी ठरवलं, आज कोणी छळणार नाही. लोणच्याच्या कैऱ्या चिरायला घेतल्या. अकराच्या सुमाराला फोन वाजला. सायरा. ती अजून त्याच कंपनीत आहे, आता पॅकिंगची लाइन सांभाळते, गोळ्या चालू आहेत, बोलते मोजकंच.

"आजी, किती गेले पलीकडे?"

मला असा राग आला. "मला काय माहीत? माझा गुडघा दुखतोय."

"मग बघून या. माझी शिफ्ट तीनला सुटते, तेव्हा मी येतेच. तोवर बसा."

कैऱ्या तशाच टाकून गेले. बाक तोच, तेवढाच टणक. खिडकीशी एक काडीसारखी मुलगी बालगृहाची चिठ्ठी छातीशी धरून उत्तरं देत होती. नाव सांगितलं, वय सांगितलं, गोळीचं नाव न अडखळता सांगितलं. मग खिडकीतून पाचवा प्रश्न आला आणि ती मागे वळून रिकाम्या जागेकडे पाहायला लागली.

मी उठले. गुडघा साऱ्या रांगेला ऐकू जाईल असा वाजला. खिडकीतल्या बाईने माझ्या पांढऱ्याशुभ्र केसांकडे पाहिलं आणि एक अक्षर न विचारता अर्ज पुढे सरकवला.

आता केसही जमत होते.