बिनबिल्ल्याचा माणूस

इंग्रजी अमलात अकोटच्या आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कायम नोकरांच्या छातीवर पितळी बिल्ला असे. एक जण मात्र ठेकेदाराचा माणूस, त्याला बिल्ला नव्हता. येता-जाता प्रत्येक यंत्राला तो उलटा हात लावायचा, पोराचा ताप बघावा तसा, आणि विचारायचा, “बरी हायेस ना, बाई?” आम्ही बिल्लेवाले हसायचो.

एका दुपारी त्याने कोणालाही न विचारता चालत्या यंत्राचा पट्टा उतरवला आणि ते बंद पाडलं. मॅनेजरसाहेब धावत आले. “कोणाच्या हुकमानं?”

“बेअरिंग तापलं, सायेब. कापूस पेटला असता तं त्यानं बिल्ला पाह्यला नसता.”

साहेबांनी बेअरिंगला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

जळका वास मलाही आला होता. छातीवर बिल्ला लावून मी हुकमाची वाट पाहत उभा होतो.