साडेबाराचा पाढा

सक्करदऱ्याच्या नत्थूजी परात्यांना जन्मात कधी फारसं बोलावं लागलं नाही. घरात सखूबाई होत्या, दोघांच्या वाट्याचं त्याच बोलत. सोयरिकीची बोलणी त्यांनी करायची आणि नत्थूजींनी शेजारी बसून मान डोलवायची, असा संसार झाला. मागच्या वर्षी सखूबाईंना लकवा मारला. हातापायांत हळूहळू जीव आला, पण वाचा गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, घरच्यांनी सतत त्यांच्याशी बोलत राहा, त्यानंच आली तर येईल. आणि ही कामगिरी आली कुणावर, तर नत्थूजींवर.

बिचारे खाटेशी जाऊन बसत. आज ऊन लय आहे, म्हणत. मग बराच वेळ काही सुचत नसे. मग पुन्हा म्हणत, ऊन लय आहे. सून रुचिका दारातून हे ऐके, तेव्हा तिला हसूही येई आणि आतडंही तुटे.

तसा एक काळ होता, हे दोघं तासन्‌तास बोलत. फक्त ते बोलणं आकड्यांचं असे. सदर बाजारात ताराचंदजींचं दुकान होतं, तिथे नत्थूजी कामाला. मोटारसायकलींच्या, पाण्याच्या इंजिनांच्या, ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोतले थकलेले चुंबक तिथे येत, त्यांच्यात नवा जोर भरायचा. जोर किती आला ते एका जुन्या विलायती यंत्रावर बघत. त्याचा काटा दाखवी ‘पोल’, आणि गिऱ्हाईक मागे ‘लाइनी’, म्हणजे चुंबकातून निघणाऱ्या रेषा. एका पोलच्या लाइनी साडेबारा आणि वर किंचित. ते किंचित ताराचंदजींनी कधीच सोडून दिलं होतं. पुढे पुस्तकांतून पोल गेले, लाइनीही गेल्या, दहा कोटी लाइनींचा एक वेबर आला. तोवर दुकानच उठलं होतं.

पंचाईत अशी, की दुकानभर लोखंड, त्यामुळे काटा एका जागी ठरेना. नत्थूजींच्या घरी मात्र हातमागाची खोली होती आणि माग सगळा लाकडाचा. मग काय, यंत्र तिथे आलं. सखूबाई कमरेची कात्री काढून बाहेर ठेवत आणि मागावर बसत, की काटा शहाण्यासारखा वागे. नत्थूजी पोल वाचत आणि दहानं गुणून मोकळे होत. ही त्यांची खोड काही केल्या गेली नाही. सखूबाई लहानपणी पावकी, दिडकीचे पाढे घोकलेल्या. त्यांनी त्याच चालीवर साडेबाराचा पाढा बसवला आणि मागाच्या ठेक्यावर म्हणू लागल्या. साडेबारा दुणे पंचवीस, म्हणजे दोनशे पोलच्या पंचवीसशे लाइनी. साडेबारा चोक पन्नास. नत्थूजी चुकले, की धोटा फेकता फेकता पाढा येई आणि त्यामागून नवऱ्याच्या अकलेचा उद्धार. नत्थूजींना आयुष्यात त्याहून गोड काही ऐकल्याचं आठवत नाही.

माग विकला गेला. त्याच खोलीत आता सखूबाईंची खाट आहे, तीही लाकडाची.

यंदा लकडगंजचा विक्रम नावाचा एक माणूस विचारत विचारत आला. त्याला जुन्या मोटारसायकलींचा नाद. हातात एक चुंबक, त्यात जोर उरलाय का एवढंच हवं होतं. नत्थूजींनी आधी आढेवेढे घेतले, मग माळ्यावरून यंत्र काढलं. जागा त्यांना एकच ठाऊक होती. खाटेजवळ स्टूल ठेवलं, रुचिकाला स्टीलचा तांब्या बाहेर न्यायला सांगितलं, आणि काटा ठरला.

“आठशे,” नत्थूजी म्हणाले. “म्हंजे झाल्या आठ हजार लाइनी.”

“साडेबारा आठे शंभर.”

आवाज जाड होता, ओढत आलेला, पण खाटेवरून आला होता. रुचिका तांब्या बाहेरच ठेवून दारात आली. नत्थूजींनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं तर थांबेल, अशी भीती वाटली त्यांना. काटा आठशेवरच होता, तरी ते म्हणाले, “बाराशे. म्हंजे बारा हजार.”

“साडेबारा बारे दीडशे.”

विक्रम काही बोलणार होता, रुचिकानं त्याला डोळ्यांनीच गप्प केलं. भला माणूस, जाताना चुंबक तिथेच ठेवून गेला.

त्यानंतर रोज संध्याकाळी नत्थूजी खाटेशी बसून चुकू लागले. पाढा येई, बाकी काही येईना. पाणी मागायचं तर ओठ नुसतेच हलत. डॉक्टर म्हणाले, पाठ केलेलं असं येतं, फार आशा धरू नका. नत्थूजींनी ऐकून घेतलं आणि त्या संध्याकाळीही चुकले.

परवा ते म्हणाले, “चारशे. म्हंजे चार हजार.”

पाढा आला नाही. सखूबाई नुसत्या बघत राहिल्या. आता हेही गेलं, असं वाटून नत्थूजींनी यंत्र बाजूला सारलं.

“मुद्दाम... चुकून राहिले तुम्ही,” सखूबाई म्हणाल्या. “काहून?”

नत्थूजींचे डोळे भरून आले. “तुले ऐकाले वं,” एवढंच त्यांना म्हणता आलं.

सखूबाईंनी बराच वेळ शब्द जुळवले. “मंग आता... तुम्ही बोला.”

नत्थूजींनी घसा साफ केला. सांगायचं तर वर्षभराचं साचलं होतं. बाहेर चांगला अंधार पडला होता.

“आज ऊन लय आहे,” ते म्हणाले.

आणि सखूबाई, तोंडाची एक बाजू अजून वाकडी असताना, पोट धरून हसल्या.