पोशेऱ्याची नऊ पानं

पुष्पलताबाईंना संस्थेत अकरा वर्षं झाली होती आणि या अकरा वर्षांत त्यांचं एकही काम शनिवार ओलांडून पुढे गेलं नव्हतं. जव्हारच्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसातून तीन कामं चालत. डोंगरउतारावर आंबा-काजूची कलमं लावून देणं, म्हणजे वाडी, बायकांचे बचत गट, आणि आरोग्य. तिन्हींचे कागद गावागावांतून बाईंच्या टेबलावर येत. आधी तीन रजिस्टरं होती. कॉम्प्युटर आला तसं बाईंनी त्यांच्या तीन फाइली केल्या आणि वाडीवाल्याला बचत गटाची फाइल कधी उघडू दिली नाही. ज्याचं त्याने बघावं.

दोन हजार दोन साली माघात नाशकाहून प्रांजल आली. पंचविशीची, बोलायला मऊ, पण नजर तिखट. तिन्ही फाइलींचा मिळून एकच डेटाबेस करायचा, असं तिला संस्थेच्या गोवर्धन सरांनी सांगितलं होतं. तिसऱ्याच दिवशी तिने खुर्ची बाईंकडे ओढली.

"ताई, पोशेऱ्याचा हा मंगळू बघा. वाडीच्या फाइलीत याला दोन मुलं, आरोग्याच्या फाइलीत तीन."

"तिसरं श्रावणात झालं. वाडीवाले झाडं मोजतात गं, पोरं नाही."

"ते तिसरं कमी वजनाचं आहे. आरोग्यसेविका चार महिने 'गैरहजर' लिहितेय. कुठे गेलं ते लिहायला तिच्या कागदात जागाच नाही. आणि वाडीच्या फाइलीत स्वच्छ लिहिलंय, घर बंद, वसईकडे वीटभट्टीवर गेले, भट्टीच्या मालकाच्या नावासकट. एका ठिकाणी असतं तर त्या बाळाच्या मागे कोणी तरी गेलं असतं."

बाईंनी पडद्याकडे वाकून पाहिलं. दोन्ही ओळी त्यांच्याच बोटांनी टाइप झालेल्या होत्या. एक सोमवारी, एक बुधवारी. दुपारी त्यांनी डबा तसाच परत नेला. दुसऱ्या दिवशी मात्र आल्या आल्या म्हणाल्या, "कर बाई एक. मी भरून देते."

दाभोसा गाव भरून झालं, साखरशेत झालं. पोशेऱ्याची वाडी झाली, बचत गट झाला. आरोग्याची नऊ पानं तेवढी खणात राहिली. त्यातलं सहावं पान कोंडीचं होतं.

कोंडीला तीन मुली. घरात सासूपासून दिरापर्यंत सगळे मुलाची वाट बघत होते. गेल्या पावसाळ्यात ती एकटीच सरकारी दवाखान्यात आली आणि मूल राहू नये म्हणून तांबी बसवून गेली; पानावर तेच लिहिलं होतं. जाताना ऑफिसाच्या दारात पुष्पलताबाईंचा हात धरून एवढंच म्हणाली होती, "बाय, घरात कोणाला कळला तर मना ठेवणार नाय." आणि वाडीच्या कामावरचा लाडक्या, जो दर शनिवारी याच कॉम्प्युटरवर जगलेल्या कलमांचे आकडे भरायचा, तो तिचा सख्खा दीर होता. नव्या डेटाबेसात घर उघडलं की त्या घराचं सगळंच समोर येणार होतं.

उज्ज्वलाताईंना सांगावं, त्या आरोग्याच्या प्रमुख. पण त्यांच्या कानात घातलेली गोष्ट दुपारच्या आत मोखाड्याच्या स्टँडवर पोचायची. मनाने वाईट नव्हत्या, आवाजच तसा.

शनिवारी बैठक भरली. गोवर्धन सरांनी विचारलं, "मग, एक डेटाबेस कायम करायचा ना? पुष्पलताबाई?"

लाडक्या समोरच बसला होता. बाईंना खरं कारण सांगता येईना. "वीज जाते हो सर," त्या म्हणाल्या. "एक गेलं की सगळंच जायचं."

"आणि तीन फाइली काय कंदिलावर चालतात?" उज्ज्वलाताई म्हणाल्या. सगळे हसले. बाईही कसनुसं हसल्या.

"एखादं घर दाखव," सर प्रांजलला म्हणाले.

"आमचाच घर काढा ना!" लाडक्या खुर्ची सरकवून पुढे आला. "बघू तरी आमची काय काय चोरी पकडली ती."

प्रांजलने नाव टाकलं. पडद्यावर घर आलं. कलमं वीस, जगली सतरा. बचत गट, सभासद कोंडी. त्याखाली आरोग्य, आणि पुढे कोरं.

"आमची सतरा झाडां जित्ती, आन आरोग्यवाले झोपलेले!" लाडक्याने मांडीवर थाप मारली.

उज्ज्वलाताईंचा चेहरा लाल झाला. "बाई, पोशेऱ्याचे कागद मी पंधरा दिवसांपूर्वी दिलेत."

"राहिले," बाई म्हणाल्या.

"राहिले म्हणजे? होत नसेल तर तसं सांगा. वय होतं माणसाचं."

"चुकलं माझं."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या नावाने लेखी समज निघाली. कागद ताठ हाताने घेऊन त्यांनी पोच म्हणून सही केली, तारीख घातली आणि आपल्याच हाताने फाइलीला लावली.

प्रांजल मात्र त्यांच्याकडे बघत राहिली होती. बैठक उठल्यावर दोन कप चहा घेऊन ती मागच्या पायरीवर आली. "ताई, तुमचं काम राहत नाही. तुम्ही ठेवलंत."

बाईंनी बशीत चहा ओतला. "माझं लग्न झालं तेव्हा घरात आम्ही तिघी जावा. चूल एक. मीठ, पीठ, कोण जेवलं, कोण परगावी गेलं, सगळ्यांना सगळं ठाऊक. ठाऊक असायलाच हवं, नाही तर म्हातारं माणूस उपाशी राहायचं. पण प्रत्येकीची पेटी वेगळी, किल्ली आपापल्या कमरेला. या नोकरीचा अर्ज महिनाभर माझ्या पेटीत होता. चुलीपाशी ठेवला असता तर त्याच चुलीत गेला असता."

"पेटीत आत्ता कोणाचं आहे?"

"ते विचारू नकोस."

प्रांजलने विचारलं नाही. पायरीवर बोटाने चौकोन काढत ती म्हणाली, "घर, माणसं, मुलं, गावात आहेत की भट्टीवर, हे सगळ्यांना एकच. आरोग्याचं आतलं पान वेगळ्या फाइलीत, घराच्या नंबरने जोडलेलं. उघडायला पासवर्ड, तुम्हाला आणि उज्ज्वलाताईंना."

"उज्ज्वलाताई आकडे वाचतात, नावं नाही. चालेल," बाई म्हणाल्या. "आणि सरांना तूच सांग. माझं नाव आलं की लोक कारण शोधतात."

सरांनी ते मान्य केलं. पोरगी हुशार आहे, असं दोनदा म्हणाले. समज फाइलीत राहिली ती राहिलीच. ती काढून घ्या म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

सोमवारी बाईंनी आतली खोली लावून घेतली आणि नऊ पानं भरायला बसल्या. सहाव्यावर असताना कडी वाजली.

"बाय, मी लाडक्या. भट्टीवर गेलेल्यांची यादी आणलीय. मंगळूची भट्टी बदलली, नवीन जागा लिहायची हाय."

"थांब. बायकांचं काम चाललंय."

"मंग बसतो हितंच. वहिनीने तुमच्यासाठी वाल दिलेत, ते पण हायेत."

दारापलीकडे तो पायरीवर बसल्याचा, मग शीळ घालत असल्याचा आवाज आला. बाईंनी कोंडीचं पान घाई न करता एका बोटाने पुरतं भरलं, एकदा वाचलं, बंद केलं. उरलेली तीन पानंही भरली. मग पदराने चष्मा पुसला आणि दार उघडलं.

"ये. आधी मंगळूचं सांग. बाळ किती महिन्यांचं झालं असेल रे आता?"