सुमनचं थोडंसं राहिलेलं शिखर

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा मी वणीच्या बाजारात भाजी घेत होते. तिचा पुतण्या बोलत होता. "मावशी, आत्या गेली. सकाळी उठलीच नाही." हिची बातमी कधीतरी एखाद्या डोंगरावरून येईल, ही भीती मी कित्येक वर्षं बाळगली होती... आणि ती गेली मुकुटबनजवळच्या तांड्यावर, स्वतःच्या खाटेवर.

वणीच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. आमच्या भागातल्या मुलीनं हिमालयात गिर्यारोहण शिकायला जावं, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. कॉलेजच्या सहलीत तिनं बर्फाचा डोंगर पाहिला आणि परत आली ती त्याच वेडानं. तिची आई, तिची याडी, मला विचारायची, "हे पोरगी तिकडं कायले जाते व? तिथं पिकते तरी काय?" त्याचं उत्तर सुमननं पुढे लेखांतून दिलं. त्यात पराक्रम फारसा नसायचा. ओले मोजे, स्टोव्हवर बर्फ वितळेपर्यंतची वाट, तंबूत शेजारणीचा श्वास ऐकत काढलेला वेळ, असं सगळं असायचं.

तिच्या सर्वांत मोठ्या मोहिमेत शिखर अगदी समोर असताना तिच्या दोरीवरच्या जोडीदारणीला बर्फाच्या चकाकीनं दिसेनासं झालं. सुमन तिला धरून खाली उतरली. बाकीचे वर गेले. वणीत सत्कार झाला तेव्हा सूत्रसंचालकानं 'शिखर सर करणारी आपली लेक' अशी तिची ओळख करून दिली. टाळ्या थांबल्यावर सुमन माईकवर म्हणाली, "मी वर पोचली नाही. खालूनच परत आली. तुमचा गैरसमज होऊन राह्यला." शाल मिळाली, पण पुढच्या मोहिमेला मदत करतो म्हणणारे हळूहळू दिसेनासे झाले. मग याडीला अर्धांगवायू झाला. सुमननं तिचं सगळं केलं, शेवटपर्यंत. त्यातून मोकळी झाली तोवर हिचेच गुडघे गेले होते.

त्या लेखांचं पुढे पुस्तक झालं, त्यातही ती शेवटची चढण नाही. एकदा तिच्या अंगणात तुरीच्या शेंगा सोलता सोलता मी विचारलं, "त्या दिवशी वळली, त्याचं वाईट वाटते काय तुले?"

"नाही व. ती बाई आजही डोळ्यानं पाहून राह्यली." तिनं मूठभर दाणे सुपात टाकले. "पुन्हा गेली नाही, त्याचं वाटते. थोडंसंच राह्यलं होतं... वरून पलीकडं कसं दिसते, ते मले लिहिताच नाही आलं."

तांड्यावरच्या मुलींना ती रविवारी मागच्या टेकडीवर न्यायची. ती गेल्यावर, परवा मी तिच्या घरी गेले, तर मुली निघायच्याच बेतात होत्या. मीही निघाले. पायथ्याशीच दम लागला. म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं, मी येते सावकाश."

"नाही मावशी," त्यांतली थोरली म्हणाली, "जे सगळ्यात हळू चालते ते पुढं. आत्याचं तसंच होतं."

त्यांनी मला पुढे घातलं. मी धापा टाकत चढू लागले. मध्येच थांबले की मागची सगळी रांग थांबायची. कुणी घाई करत नव्हतं, कुणी बाजूनं पुढे जात नव्हतं. मी पाऊल उचललं की मागची पावलं उचलली जायची.