माझं तोंड आणि बाईसाहेबांचा राग

अख्ख्या ग्वाल्हेरात आमच्या घरमालकीण बाईसाहेबांइतकं रागीट माणूस दुसरं नसेल. दूधवाल्यावर त्या हिंदीत चिडत, माझ्यावर मराठीत, आणि वीज गेली की दोन्ही भाषांत. सराफ्यातल्या एका दुकानदाराने ‘माताजी, बैठिए’ म्हटलं, तर ‘बुढ्ढी दिखती हूँ?’ असं त्यालाच विचारून पाटल्या न बघता परत आल्या.

माझ्या जिभेच्या कॅन्सरसाठी कंपू भागातल्या इस्पितळात रेडिएशन सुरू झालं आणि या रागाला हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. तोंडभर फोड, साधं पाणीही काचेसारखं टोचायचं. भेटायला येणारे नेमकी मोसंबी आणत. बाईसाहेब पिशवी जिन्यातूनच परत पाठवत. “आधी स्वतःच्या जखमेवर पिळून बघा!” एका गृहस्थांनी सल्ला दिला, दूध-साखर बंद करा, उपास करा, गाठ आपोआप सुकेल. “गाठीआधी हा सुकेल, त्याचं काय?” बाईसाहेब कडाडल्या आणि त्यांच्यापुढचा चहा उचलून घेऊन गेल्या.

मग त्या माझ्याबरोबर इस्पितळात येऊन तिथल्या आहारतज्ज्ञ मुलीची उलटतपासणी घेऊन आल्या. तेव्हापासून आधी मीठ-सोड्याच्या गुळण्या, मग तोंड बधिर करणारं औषध, मग वाटी. गार खीर, भरपूर तुपाची पातळ खिचडी, कधी अंड्याचं कस्टर्ड. “गिळ! आणि माझ्याकडे असं बघू नकोस.” उलट बोलायला मला तोंडच नव्हतं.

तरी वजन उतरतच राहिलं. आणखी घटलं तर नाकातून नळी घालू, असं डॉक्टर म्हणाले. त्या संध्याकाळी मी संतापून वाटी भिरकावली. खीर भिंतीवर. आता खोली सोडावी लागणार, असंच मला वाटलं. बाईसाहेबांनी फडकं आणून भिंत पुसली.

“ह्यांनाही हेच झालं होतं,” त्या म्हणाल्या. “दुखतंय म्हणाले की मी म्हणायची, राहू दे, उद्या खा. अंगात ताकदच उरली नाही, रेडिएशन अर्धवट सुटलं. तुझे लाड मी करणार नाही.” त्यांनी दुसरी वाटी पुढे केली. मी रडत रडत संपवली.

माझे उपचार मात्र मध्ये न तुटता पुरे झाले. फोड भरले, नीट बोलता येऊ लागलं, तसा मी आभार मानायला त्यांच्या दाराशी गेलो. बाईसाहेब चिडल्या नाहीत.

“खरं सांग, गिळताना फार दुखायचं?”

“फार.”

“तरी जायचं ना पोटात?”

“जायचं.”

“म्हणजे ह्यांनाही गेलं असतं.”

प्रत्येकाचं दुखणं वेगळं असतं, असं मला म्हणायचं होतं. पण त्या दाराची कडी धरून नुसत्या उभ्या होत्या. मी विचारलं, “आज जेवायला काय केलंय?”

“खिचडी,” त्या हळूच म्हणाल्या. “ये आत.”