दोनदा कापलेलं बारदान

"उठा बाप्पा, खुर्च्या बदलवा!" दोन टाळ्या वाजवून तो असं म्हणाला की आमच्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब कुरकुरायची. प्रत्येकानं शेजाऱ्याच्या खुर्चीत बसायचं आणि त्याचं अर्धवट काम पुढे न्यायचं, ही त्याची शिकवण्याची रीत. नागपूरच्या कंपनीतली नोकरी सोडून तो आपल्या गावी, पवनीला परतला होता. मी विभागप्रमुख, तो माझ्याच विभागातला मास्तर, माझ्याहून बराच लहान.

"सर, हिचं कोडिंग पाहून डोकं फुटून राहिलं माह्यं," एक पोरगा ओरडला.

"फुटू दे. तुह्यं पाहून तिचंही फुटूनच राहिलं."

तुम्हीही असे मास्तर पाहिले असतील, रागवायला जातात आणि मध्येच त्यांना हसू फुटतं.

खोटे प्रकल्प त्याला चालत नसत. "पोरायले खरं गिऱ्हाईक पाह्यजे, चिडणारं," तो म्हणायचा. त्यानं एका राइस मिलचं काम आणलं. धानाचं वजन घ्यायचं, त्यातून बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं वजन वजा करायचं आणि शेतकऱ्याला पावती द्यायची. वजनाचा भाग त्या ओरडणाऱ्या पोराकडे होता, पावतीचा त्याच्या शेजारच्या पोरीकडे.

शेवटची अदलाबदल राहिली होती. तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष पाहुणे घेऊन येणार असं ठरलं. मी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"या आठवड्यात खुर्च्या बदलणं बंद. ज्याचं त्याला पूर्ण करू द्या आणि मिलमध्ये सुरू करून द्या."

"एक दिवस द्या फक्त, सर. दोघायनं एकमेकाचं पाह्यलंच नाही अजून."

"नंतर बघू," मी म्हणालो.

पाहुण्यांनी कौतुक केलं. थोड्याच दिवसांत आसपासचे शेतकरी कमी वजनाच्या पावत्या घेऊन मिलच्या फाटकाशी उभे राहिले. पोरानं वजन घेताना बारदान वजा केलं होतं, पोरीनं पावती छापताना पुन्हा. आपापल्या जागी दोघंही बरोबर होती.

अध्यक्षांनी आम्हाला बोलावलं. "कोणत्या विद्यार्थ्याची चूक? नाव सांगा."

"टीमची हाये, साहेब. अन् टीम माही."

"तुम्ही तपासलं नव्हतं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाही तपासलं," तो म्हणाला. मी पाण्याचा ग्लास उचलला.

त्याची नोकरी गेली. तरी सगळ्या पावत्या दुरुस्त होईपर्यंत तो त्या दोघांना घेऊन मिलमध्ये जात राहिला. पुढे कुठल्याच कॉलेजनं त्याला घेतलं नाही. 'पोरांकडे लक्ष देत नाही' हा बोल आमच्याच विभागातून पसरला होता. मी तो कधी खोडला नाही. आज खोडतो आहे.

यंदाच्या उन्हाळ्यात तो वारला. त्याच्या घरी भेटायला गेलो, तर ती पोरगी आली होती. आता नागपूरला नोकरी करते.

"सर, एक विचारू? ते बारदान... चूक माही होती का त्याची? आमच्या सरनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. आम्ही दोघं अजून भांडतो त्याच्यावरून."

"माझी," मी म्हणालो, आणि केबिनमधलं सगळं सांगितलं.

"मंग तेव्हा काहून नाही बोलले, सर?"

ती अंगणात गेली, त्या पोराला फोन लावला.

"ऐक ना," ती रडत होती, "आपली नव्हती."